दोरी, साप आणि सत्य : फादर नहेम्या गोरे

शब्बाथ शाळेच्या वर्गात एखादा मुलगा उभा राहून, हे सारे खरे कशावरून, असे विचारतो तेव्हा आपण शिक्षक बहुधा गडबडून जातो. घाईघाईने त्याला खाली बसवतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. अशा वेळी आम्हांला नीळकंठशास्त्री गोरे यांची आठवण होते. हाच प्रश्न त्यांनी जन्मभर विचारला. त्याच्यापायी पुष्कळ गमावले, पण प्रश्न विचारणे सोडले नाही आणि प्रभूलाही सोडले नाही.

त्यांचा जन्म 1825 साली झाशीजवळच्या काशीपुरा गावी एका कोकणस्थ ब्राह्मण घराण्यात झाला. बालपण काशीत गेले. तेथे संस्कृत शास्त्रांचे अध्ययन करून ते ऐन तारुण्यातच शास्त्री म्हणून ओळखले जाऊ लागले. त्या काळी कंपनी सरकारचे एक अधिकारी, जॉन म्यूर, यांनी ख्रिस्ती धर्माच्या बाजूने मतपरीक्षा नावाचा संस्कृत ग्रंथ लिहिला होता. त्याचे खंडन करण्यासाठी नीळकंठशास्त्र्यांनी 1844-45 च्या सुमारास शास्त्रतत्त्वविनिर्णय हा ग्रंथ रचला. तेव्हा त्यांचे वय अवघे वीस होते. जे इंद्रियांच्या पलीकडे आहे त्याचा निर्णय एकट्या तर्काने होत नाही. आधी शास्त्रावर श्रद्धा हवी, मग तर्काने तिची सेवा करावी, असे त्यांचे प्रतिपादन होते.

काशीतील मिशनरी विल्यम स्मिथ यांच्याकडेही ते जाऊ लागले ते वाद घालण्यासाठीच. पण प्रतिपक्षाला हरवायचे तर त्याचे शास्त्र वाचायला हवे. वाचता वाचता डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली. जो प्रश्न ते दुसऱ्याला विचारत होते तो आता स्वतःच्या शास्त्रांनाही विचारू लागले. अखेर 1848 साली जौनपूर येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला व नहेम्या हे नाव धारण केले. याची किंमत मोठी होती. आप्तांचे नाते तुटले. 1853 साली कन्या एलेन लक्ष्मी जन्मली, आणि थोड्याच दिवसांत पत्नी देवाघरी गेली. मुलगी इंग्रज कुटुंबात वाढली व पुढे इंग्रजी भक्तिगीते लिहिणारी म्हणून प्रसिद्ध झाली.

गोरे यांचा षड्दर्शन दर्पण हा हिंदी ग्रंथ 1860 साली निघाला. त्यातील एक विचार शिक्षकांनी समजून घेण्याजोगा आहे. वेदान्तात सत्ता तीन प्रकारची मानली आहे : ब्रह्माची पारमार्थिक, जगाची व्यावहारिक आणि अंधारात दोरीवर भासणाऱ्या सापाची प्रातिभासिक. गोरे यांनी विचारले, भासणाऱ्या सापाला सत्ता तरी कसली? तेथे साप नव्हताच. खरी होती ती पाहणाऱ्याची चूक. चूक झाली म्हणून चुकीच्या विषयाला अस्तित्व येत नाही. वस्तू एक तर आहे किंवा नाही. तसेच जग, जीव आणि प्रार्थना ऐकणारा ईश्वर हे सारे केवळ व्यवहारापुरते खरे असतील, तर पाप, पश्चात्ताप आणि भक्ती यांना अर्थ काय उरतो? वेदान्ती पंडितांपाशी याची उत्तरे आहेत व तो वाद आजही संपलेला नाही. गोरे यांच्या दृष्टीने मात्र हा केवळ पंडितांचा खेळ नव्हता. ज्या देवापुढे गुडघे टेकायचे तो खरोखर आहे की नाही, हा त्यांचा प्रश्न होता.

पुढे 1870 साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. मुंबई-पुण्याकडे ब्राह्मो आणि प्रार्थनासमाजी मंडळींशी त्यांचे वाद झाले. देवाचे ज्ञान आपल्याला अंतःकरणातूनच होते, असे ती मंडळी म्हणत. गोरे यांचे म्हणणे असे की, ज्याला तुम्ही अंतःकरणाची साक्ष म्हणता त्यातले पुष्कळसे तुम्ही नकळत पवित्र शास्त्रापासूनच घेतले आहे. विशीतल्या शास्त्र्याचे एक मत येथे पुन्हा दिसते : देवाविषयीचे ज्ञान देवानेच द्यावे लागते. शास्त्र बदलले होते, पण हा विचार कायम होता.

आणि तरीही संशयाने त्यांची पाठ सोडली नाही. बाप्तिस्म्यानंतर अनेक वर्षांनीही त्यांच्या मनात शंकांचे काहूर उठे. ते त्यांनी लपवले नाही. ते साधेपणाने राहिले, प्रार्थना करीत राहिले आणि शंकेशी झगडतच इतरांना उत्तरे देत राहिले. पंडिता रमाबाई 1883 साली इंग्लंडमध्ये प्रभूकडे वळल्या, त्यात गोरे यांच्या लेखनाचा व पत्रांचा मोठा वाटा होता. ज्याचे स्वतःचे मन शंकांनी पोळले होते, त्याचेच शब्द त्या विदुषीच्या मनाला जाऊन भिडले, हे आम्हांला विशेष वाटते. 1895 साली मुंबईत त्यांची जीवनयात्रा संपली.

आपल्या मंडळ्यांतून असा समज आहे की शंका आली म्हणजे विश्वास गेला. फादर गोरे यांचे चरित्र तसे सांगत नाही. अंधारात काहीतरी वळवळल्यासारखे दिसले, तर पळून जाणारा माणूस जन्मभर सापच पाहतो. दिवा घेऊन जवळ जाणाऱ्यालाच दोरी दिसते. म्हणून पुढच्या रविवारी वर्गातला तो मुलगा उभा राहिला, तर त्याला खाली बसवू नका, ही आमची विनंती. उत्तर ठाऊक नसेल तर तसे सांगा, आणि दिवा घेऊन त्याच्याबरोबर चार पावले चाला.