बाबासाहेब आणि लेकीचा वाटा

परमपूज्य बाबासाहेब 14 एप्रिल 1891 ला महूला जन्मले. ते विलायतेत शिकत असताना रमाईने इकडे हालात संसार ओढला, हे आपल्या घराघरात माहीत आहे. 1 सप्टेंबर 1951 ला आपल्या शहरात, नागसेनवनात, मिलिंद महाविद्यालयाची कोनशिला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते बसली. लेकीला वाटा देणाऱ्या हिंदू कोड बिलाला मात्र त्यांचाच विरोध! बिल अडलं, आणि त्याच महिन्यात, 27 तारखेला, बाबासाहेबांनी कायदामंत्रिपद सोडलं. त्यांच्या महापरिनिर्वाणाच्या वर्षीच, 1956 ला, वारसा कायदा झाला. वडिलोपार्जित मिळकतीत लेकीला भावाइतका हिस्सा देशभर 2005 ला मिळाला. आणि आम्ही? वाटणीच्या वेळी बहिणीला साडी नेसवतो अन् हक्कसोडपत्रावर तिची सही घेतो. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो असतोच.