१८५७ मध्ये नागपूरचा उठाव फसला, त्या गोष्टीत हिस्लॉप कॉलेजच्या नावातला माणूस कुठे होता?

नागपूरचं हिस्लॉप कॉलेज अमरावती-अकोल्याकडे बहुतेकांना ऐकून माहीत असतं. पण हे हिस्लॉप कोण, असं विचारलं की गाडी अडते. कुणीतरी इंग्रज साहेब असेल, म्हणून विषय संपतो.

साहेब होते, पण इंग्रज नव्हते. स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडचे. जन्म १८१७ चा, म्हणजे सीताबर्डीच्या टेकडीवर भोसले आणि कंपनीची लढाई झाली त्याच वर्षीचा. मिशनरी म्हणून ते १८४५ मध्ये नागपूरला आले, तेव्हा गादीवर तिसरे रघुजी भोसले होते. त्यांच्या आधी जर्मन मिशनऱ्यांची एक तुकडी गोंडांमध्ये काम करायला अमरकंटकच्या बाजूला गेली होती आणि त्यातले बहुतेक जण कॉलऱ्याने दगावले होते. तरी हिस्लॉप आले आणि १८४६ मध्ये त्यांनी शहरात शाळा उघडली.

पुढे राजकारण फिरलं. १८५३ मध्ये निजामाकडचं वऱ्हाड कंपनीच्या कारभाराखाली गेलं. त्याच वर्षी रघुजी वारले, वारस नव्हता, आणि १८५४ मध्ये डलहौसीने नागपूरचं राज्य खालसा केलं. राजवाड्यातल्या वस्तूंचा लिलाव झाला. लोकांच्या मनात हे साचत होतं. त्यात कंपनी सरकार सगळ्यांना बाटवणार, ही भीती देशभर होती. अशा वेळी नागपुरात मिशनरी असणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

१३ जून १८५७. टाकळीला असलेल्या घोडदळाने त्या रात्री उठायचं ठरवलं होतं, शहरातल्या लोकांशी बोलणं झालं होतं. पण बेत आधीच फुटला. कामठीची मद्रासी पलटण कंपनीच्या बाजूने राहिली. म्हाताऱ्या बांकाबाई भोसल्यांनीही उठावाला साथ दिली नाही.

यात हिस्लॉप कुठे आले? शहरातल्या एका ओळखीच्या मुसलमान माणसाने त्यांना धोक्याची कल्पना दिली होती आणि त्यांनी ती अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचवली. गोऱ्यांच्या लेखी ते जीव वाचवणारे ठरले. पण घोडदळातल्या म्होरक्यांना फाशी झाली, हेही त्याच गोष्टीत येतं. ज्या माणसाने इशारा दिला त्याने दोस्तीखातर दिला असेल, पण तो कुठे पोहोचला ते पाहिल्यावर हिस्लॉपना नुसते भले पाद्री म्हणून सोडून देता येत नाही. आणि नुसते कंपनीचे खबरे म्हणूनही नाही, कारण त्यांचं बाकीचं काम फार मोठं आहे.

धर्मप्रचारासाठी गावोगाव फिरताना हा माणूस दगड गोळा करायचा. सोबतीला रॉबर्ट हंटर हे दुसरे मिशनरी. दोघांनी नागपूरच्या आसपास इतके जीवाश्म शोधले की विदर्भाच्या भूगर्भशास्त्राची सुरुवात त्यांच्यापासून धरतात. मांगलीला सापडलेल्या एका प्राचीन उभयचर प्राण्याची कवटी तर थेट रिचर्ड ओवेनकडे लंडनला गेली आणि १८५५ मध्ये तिला नाव मिळालं. हिस्लॉपांच्या नावाचं एक खनिजही आहे, हिस्लोपाइट.

दगडांइतकाच नाद गोंडांच्या भाषेचा. गोंडांचा आदिपुरुष लिंगो, त्याची गाणी हिस्लॉपनी ऐकून उतरवून घेतली. हे कागद त्यांच्या हयातीत छापले गेले नाहीत. रिचर्ड टेंपलने १८६६ मध्ये ते प्रसिद्ध केले.

टेंपल तेव्हा मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त. ४ सप्टेंबर १८६३ ला दोघे नागपूरच्या दक्षिणेला टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहायला गेले. हिस्लॉप मागे थांबले आणि अंधार पडल्यावर एकटेच मुक्कामाकडे निघाले. पावसाळ्याचे दिवस, नाला फुगलेला. मुक्कामावर घोडा पोहोचला, पाठीवर स्वार नव्हता. वय ४५.

शाळा मात्र चालू राहिली. १८८३ मध्ये मिशनने कॉलेज काढलं आणि त्याला हिस्लॉपांचं नाव दिलं. वऱ्हाडात तेव्हा एकही कॉलेज नव्हतं. अमरावतीला किंग एडवर्ड कॉलेज, म्हणजे आजची विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था, निघालं ते १९२३ मध्ये. तोपर्यंत अमरावती-अकोल्याच्या पोरांना मॅट्रिकनंतर शिकायला बाहेरच जावं लागायचं, आणि जवळ पडायचं ते नागपूर.