कै. हाईम शमुवेल केहीमकर : आपला इतिहास लिहून ठेवणारे

सिनेगॉगच्या वर्धापनदिनी पूर्वजांचे स्मरण करावे, ही आपली रीत आहे. यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही कै. हाईम शमुवेल केहीमकर यांचे चरित्र निवडले, त्याला कारण आहे. अमेरिकेत आल्यापासून एक प्रश्न आपल्यापैकी कोणालाच चुकलेला नाही : हिंदुस्थानात ज्यू कसे? इथल्या ज्यू मंडळींना आपण आधी हिंदी वाटतो. महाराष्ट्र मंडळात भेटणाऱ्या मराठी मंडळींना आपले आडनाव ओळखीचे वाटते, पण पहिले नाव ऐकून ती थबकतात. या प्रश्नाचे सविस्तर उत्तर केहीमकरांनी सव्वाशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे.

त्यांचा जन्म १८३० चा. आडनाव किहीम गावावरून आलेले. अलिबागजवळचे हे गाव नवगावपासून फारसे लांब नाही. याच नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, त्यांच्यापासून आपला समाज वाढला, अशी परंपरा आहे. म्हणजे जो इतिहास त्यांना लिहायचा होता, तो त्यांच्या आडनावातच होता.

त्यांच्या तरुणपणी मुंबईत व कोकणात मिशनऱ्यांच्या शाळा होत्या. अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट १८१३ साली मुंबईस पोहोचले. त्यांच्या मिशनच्या मराठी शाळांत आपली मुले शिकली आणि आपली माणसे शिक्षकही झाली. पुढे स्कॉटिश मिशनचे डॉ. जॉन विल्सन यांनी हिब्रू शिकवण्याची सोय केली. या शिक्षणाचे ऋण मोठे आहे. परंतु आपल्या मुलांना आपला धर्म आपल्याच शाळेत शिकता यावा, असे केहीमकरांना वाटे. त्यातूनच १८७५ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत इस्राएली शाळा सुरू केली. लंडनच्या अँग्लो-ज्युइश असोसिएशनने तिला मदत केली. हीच शाळा पुढे सर एली कदुरी हायस्कूल म्हणून प्रसिद्ध झाली. या स्मरणिकेच्या वाचकांतही तिचे काही विद्यार्थी असतील.

त्यांचे दुसरे मोठे काम म्हणजे बेने इस्राएलांचा इतिहास. हा ग्रंथ त्यांनी १८९७ च्या सुमारास इंग्रजीत लिहून पूर्ण केला. इंग्रजीत लिहिण्याचे कारण उघड आहे. आपण कोण हे आपल्याला ठाऊक होते, पटवायचे होते ते बाहेरच्यांना. बगदादी ज्यू मुंबईत स्थिरावले, तसे त्यांच्यातील काहींना आपल्याबरोबर बसणे-उठणे नकोसे झाले. १८३६ साली तर दोन्ही समाजांच्या सामाईक दफनभूमीत मधे भिंत घालावी, असा अर्ज त्यांच्याकडून सरकारकडे गेला होता.

केहीमकरांनी पुरावा शोधला तो कोकणातच. आपले लोक तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. सणांची हिब्रू नावे विसरली गेली, पण सण विसरले नाहीत. रोश हाशाना झाला नव्याचा सण, योम किप्पूर झाला दारफाळणीचा सण. पेसाहला आंबट अनाशाचे भांडे झाकून ठेवीत, म्हणून तो अनाशी ढाकाचा सण. तिशा बआवला बिरडे खात, म्हणून तो बिरड्याचा सण. हनुक्का मात्र या यादीत नव्हता. त्यावरून त्यांनी असा तर्क मांडला की, आपले पूर्वज हनुक्काचा प्रसंग घडण्यापूर्वीच, इ. स. पूर्व १७५ च्या सुमारास, गालील प्रांत सोडून निघाले असावेत. हा तर्क सर्व विद्वानांना मान्य नाही. परंतु वालाच्या बिरड्यातून येरुशलेमच्या मंदिराचा शोक ओळखणारा इतिहासकार दुसरा कोण सापडेल?

या थोर माणसाच्या लेखनातली एक गोष्ट मात्र आज टोचते, आणि ती झाकून ठेवणे आम्हांला योग्य वाटत नाही. आपल्या समाजात गोरे इस्राएल व काळे इस्राएल असा भेद होता. अन्य जातीच्या स्त्रीची संतती ती काळी. त्यांच्याशी सोयरीक नाही, ताटही वेगळे. केहीमकरांनी हा भेद नोंदवला, आणि बहुसंख्य समाज कसा शुद्ध आहे हे दाखवण्यासाठी त्याचा आधारही घेतला. बगदाद्यांच्या आक्षेपाला उत्तर देताना हे घडले, हे समजण्यासारखे आहे. तरीही जे माप आपल्याला लावले म्हणून आपण दुखावलो, तेच माप आपण आपल्या भावंडांना लावले.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात केहीमकर निवर्तले. ग्रंथाचे हस्तलिखित तसेच पडून राहिले. अखेर डॉ. इम्मान्युएल ओल्सवांगर यांच्या प्रयत्नाने ते १९३७ साली तेल अवीव येथे छापले गेले. त्याच देशात १९६२ साली मुख्य रब्बींच्या कार्यालयाने फर्मान काढले की, बेने इस्राएलांचा अन्य ज्यूंशी विवाह लावताना त्यांच्या पूर्वजांची चौकशी करावी. जुने माप पुन्हा पुढे आले. आपल्या माणसांनी येरुशलेममध्ये धरणे धरले, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटने बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यू आहेत असा ठराव केला. त्यानंतर ते फर्मानही बदलण्यात आले.

आता अमेरिकेत आपली नातवंडे अश्केनाझी घरांत, मराठी घरांत, आणखी कुठे कुठे सोयरिकी करीत आहेत. कोण किती आपले, हा प्रश्न आता घराघरांत येणार. तेव्हा केहीमकरांचा ग्रंथ उघडावा, पण त्यातले गोऱ्या-काळ्याचे प्रकरण मापासाठी वापरू नये. बंद ठेवलेला घाणा आणि झाकलेले भांडे, हा त्यांचा खरा पुरावा. माणसे ज्या मातीत राहिली, त्या मातीचीच भाषा आणि अन्न घेऊन त्यांनी आपला नेम सांभाळला. त्यासाठी त्यांना कोकणी की इस्राएली, असा निवाडा करावा लागला नाही.

वडीलधाऱ्यांना आमची एकच विनंती आहे. आपल्या आडनावातले गाव कोणते, तिथे सण कोणत्या नावाने होत, आणि त्या दिवशी घरात काय शिजत असे, हे नातवंडांसाठी लिहून ठेवावे. इंग्रजीत लिहिले तरी चालेल. केहीमकरांनीही तेच केले होते.