मुरुडच्या मास्तरांची 'पेंडिंग' यादी

तुमच्यापैकी जे कम्प्युटर शिकतायत त्यांना हे माहीत असेल. लिनक्सवरचे बहुतेक प्रोग्रॅम ज्या सी लायब्ररीच्या आधारावर चालतात, तिची बाकी कामांची यादी कायम उघडी असते. कुठे काय चुकतंय, काय बदलायला हवं आणि बदललं तर कुणाचं काय बंद पडेल, हे सगळं त्यात नोंदवलेलं असतं. उदाहरणच घ्या. ३२ बिटच्या जुन्या यंत्रणा १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतात आणि १९ जानेवारी २०३८ ला त्यांची मोजायची जागाच संपते. ग्लिबसी या लायब्ररीच्या २०२१ मधल्या २.३४ आवृत्तीत त्यावर ६४ बिटची सोय आली. पण ती ज्याला हवी त्याने निवडायची. का? तर जुने प्रोग्रॅम मोडता कामा नयेत.

अशीच एक यादी सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका शाळामास्तरांनी केली होती. त्यांचं नाव शंकर बाळकृष्ण दीक्षित. आणि त्यांची 'लायब्ररी' म्हणजे आपलं पंचांग!

दापोली तालुक्यातलं मुरुड म्हटलं की तुम्हाला महर्षी कर्वे आठवतात. त्याच गावात १८५३ साली दीक्षितांचा जन्म झाला. गावात शिक्षण, मग पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात, आणि पुढे आयुष्यभर मास्तरकी. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे, पुणे अशा बदल्या होत राहिल्या. विद्यापीठाची पदवी नव्हती, वेधशाळा नव्हती. शाळा सुटली की जुन्या पोथ्या आणि आकडेमोड, हाच उद्योग.

आता पंचांगात चुकत काय होतं? सूर्यसिद्धान्तातलं वर्ष ऋतूंच्या खऱ्या वर्षापेक्षा सुमारे २४ मिनिटांनी मोठं आहे. चोवीस मिनिटं म्हणजे काय, असं वाटेल. पण साठेक वर्षांत त्याचा एक दिवस होतो. खात्री करायचीय? स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा. तो दिवस मकर संक्रांतीचा होता. आज संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते. सूर्य उत्तरेकडे वळतो तो मात्र २१-२२ डिसेंबरलाच. ही चूक दर वर्षी थोडी थोडी साचतेच आहे.

मग दुरुस्त करून टाका की! इथेच खरी गोम आहे. ऋतूंशी जुळणारं, म्हणजे सायन पंचांग धरलं तर संक्रांत डिसेंबरात येते. अधिक महिने वेगळे पडतात आणि बऱ्याच वर्षी गणपती महिनाभर अलीकडे येतात. शिवाय नक्षत्रांची नावं आकाशातल्या ताऱ्यांशी जुळत नाहीत. जुनं निरयन पंचांग ठेवलं तर तारे जुळतात, पण सण हळूहळू ऋतू सोडून जातात. कोकणात गणपतीवर घराघराचं वर्ष बेतलेलं असतं. मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांना कोण सांगणार, की यंदा महिनाभर आधी या?

त्या काळी यावरून मोठे वाद झाले. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० सालीच आधुनिक गणिताची कोष्टकं मराठीत आणली होती. विसाजी रघुनाथ लेले आणि जनार्दन बाळाजी मोडक सायन पंचांगाच्या बाजूने उभे होते. दीक्षित त्यांना सामील झाले. पण नुसतं भांडत बसले नाहीत. वेदकाळापासून कुणी कोणतं मान धरलं, कुठे बदल केला, त्याचा परिणाम काय झाला, हे ग्रंथागणिक तपासून त्यांनी लिहून काढलं. ते पुस्तक म्हणजे १८९६ चं 'भारतीय ज्योतिषशास्त्र'. पंचांग सुधारायचं तर कोणते मार्ग आहेत आणि प्रत्येकात अडचण काय, याचाही त्यात विचार आहे. त्यांचा स्वतःचा कौल सायनाकडे होता. तरी समोरच्याची अडचण त्यांनी लपवली नाही.

त्यांच्या गणिताचा दबदबा किती होता बघा. गुप्त राजांच्या शिलालेखांचा काळ ठरवताना फ्लीट या अभ्यासकाने दीक्षितांकडून तिथी तपासून घेतल्या. गुप्त शक इसवी सन ३१९-३२० च्या सुमारास सुरू झाला, हे पक्कं व्हायला त्याची मदत झाली. रॉबर्ट सेवेल यांच्यासोबत त्यांनी भारतीय कालगणनेवर इंग्रजी पुस्तकही केलं. तेही १८९६ सालचंच.

पुढे दोनच वर्षांनी, १८९८ मध्ये, पुण्यात त्यांचं निधन झालं. वय पंचेचाळीसच्या आत-बाहेर. पंचांग होतं तिथेच होतं.

मग सगळं वाया गेलं का? नाही. पंचांग सुधारणेचा विषय नंतर टिळकांनी लावून धरला. १९५२ मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली आणि २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय पंचांग सुरू झालं. सरकारी कामाला सायन वर्ष, सणांसाठी मात्र जुन्या पद्धतीशी जुळवून घेतलेलं गणित. नवं चालू करा, पण जुनं मोडू नका. ग्लिबसीवाल्यांनी केलं तेच, नाही का?

म्हणजे यादी अजून पूर्ण मिटलेली नाहीच. पण दुरुस्ती आपल्या हातून होणार नाही म्हणून दीक्षितांनी नोंद अर्धवट ठेवली नाही. पुढच्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागू नये, इतकी ती नीट ठेवली. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये चूक सापडली आणि वेळ संपत आला, की आपण काय करतो? झाकतो. पुढच्या वेळी निदान दोन ओळी लिहून ठेवा : काय चुकतंय, कधी चुकतंय, आणि बदललं तर काय मोडेल.

आणि हो, येत्या २१ डिसेंबरला गच्चीवरून एखादी खूण धरून सूर्य कुठे मावळतो ते बघून ठेवा. संक्रांतीला त्याच जागी उभे राहा. तो उत्तरेकडे सरकलेला दिसेल. मास्तरांची नोंद बरोबर होती, हे तुम्हालाच कळेल.