घामाची फी

१९४० साली साताऱ्यात एक हायस्कूल सुरू झाले. त्याचे सारे धोरण त्याच्या नावातच होते: महाराजा सयाजीराव फ्री अँड रेसिडेन्शियल हायस्कूल. येथे फी नव्हती आणि राहण्याजेवण्याची सोय होती. त्याच्या बदल्यात प्रत्येक विद्यार्थ्याने अंगमेहनत करायची होती. शेतात खुरपणी, बागेला पाणी, बांधकामावर दगडमाती, स्वयंपाकघरात भाकरी अशी कामे मुलेच करत. शाळा काढणारे गृहस्थ स्वतः मॅट्रिकही झालेले नव्हते. त्यांचे नाव भाऊराव पायगोंडा पाटील.

त्या काळी खेड्यातल्या मुलाचे शिक्षण बहुधा गावच्या मराठी शाळेतच संपे. हायस्कूल असे जिल्ह्याच्या किंवा एखाद्या मोठ्या गावी. तेथे जायचे तर फी हवी, खोलीचे भाडे हवे, जेवणाचा खर्च हवा. शिवाय शेतावर राबणारे दोन हात घरातून कमी होत, तो तोटा वेगळाच. अस्पृश्य गणलेल्या मुलापुढे आणखी एक अडचण उभी राही. पैसे असले तरी त्याला खोली देणार कोण आणि पंगतीला बसवणार कोण? भाऊरावांचे सारे आयुष्य या अडचणी एकेक करून दूर करण्यात गेले.

२२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर संस्थानातील कुंभोज येथे एका जैन शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. घराण्याचे मूळ गाव ऐतवडे बुद्रुक. वडील महसूल खात्यात नोकरीला होते. पुढच्या शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात आले आणि जैन बोर्डिंगमध्ये राहू लागले. अभ्यासापेक्षा कुस्तीत आणि पोहण्यात त्यांचे मन अधिक रमे. मात्र राजर्षी शाहू महाराजांच्या कोल्हापुरात निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी उभी राहिलेली वसतिगृहे त्यांनी डोळ्यांनी पाहिली. गरीब मुलाच्या शिक्षणाची किल्ली वर्गात जितकी असते तितकीच स्वयंपाकघरात असते, हा धडा त्यांना तेथे मिळाला.

तेथेच त्यांची पहिली कसोटीही लागली. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाला ते जाऊन आले आणि बोर्डिंगच्या नियमाप्रमाणे स्नान करून शुद्ध होण्यास त्यांनी नकार दिला. बोर्डिंगचे अधीक्षक अण्णासाहेब लठ्ठे यांच्याशी खटका उडाला आणि भाऊरावांना बोर्डिंग सोडावे लागले. शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला. शालेय शिक्षण मात्र पुढे तडीस गेले नाही.

या प्रसंगाला काही वर्षांनी विलक्षण उत्तरार्ध लाभला. १९१४ च्या सुमारास कोल्हापुरात राजपुतळ्याला डांबर फासण्याचा प्रकार घडला. त्यात लठ्ठ्यांना गोवण्यासाठी भाऊरावांनी खोटी साक्ष द्यावी, असा दबाव त्यांच्यावर आला. ज्याने आपल्याला बोर्डिंगबाहेर काढले त्याच्यावर सूड उगवण्याची संधी आयतीच चालून आली होती. भाऊरावांनी नकार दिला. कोठडीत त्यांचा अतोनात छळ झाला, त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला. पण खोटी साक्ष दिली नाही. हेच लठ्ठे पुढे मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले.

साताऱ्यात शिकवण्या घेत असताना लोक त्यांना पाटील मास्तर म्हणून ओळखू लागले. त्यानंतर त्यांनी किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरांच्या विक्रीचे काम पत्करले आणि पुढे साताऱ्याच्या कूपर कारखान्याशीही त्यांचा संबंध आला. नांगर विकायचा तर शेतकऱ्याच्या बांधावर जावे लागे. त्या फिरतीत त्यांनी गावेच्या गावे पाहिली. सावकाराचा कागद न वाचता अंगठा उठवणारे बाप पाहिले, तशीच हुशार असून गुरांमागे जाणारी मुलेही पाहिली. सत्यशोधक विचारांशी त्यांचे नाते याच काळात घट्ट झाले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या मुहूर्तावर, कराड तालुक्यातील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. संस्थेचे नाव कोणा दात्यावरून वा देवतेवरून न ठेवता कष्टकरी प्रजेवरून ठेवले, यात तिचा सारा अर्थ सामावलेला होता.

१९२४ साली संस्थेचे केंद्र साताऱ्यात आले आणि तेथे वसतिगृह सुरू झाले. धनिणीच्या बागेत सर्व जातिधर्मांची मुले एका छपराखाली राहू लागली, एकाच चुलीवरचे अन्न खाऊ लागली. त्या काळी ही गोष्ट साधी नव्हती. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाला छत्रपती शाहू बोर्डिंग हे नाव देण्यात आले.

या चुलीचा खरा भार पेलला लक्ष्मीबाईंनी. भाऊरावांच्या या पत्नी सोवळ्याओवळ्याच्या वातावरणात वाढलेल्या. आरंभी हा संसार त्यांना जड गेला असल्यास नवल नाही. पण पुढे त्या साऱ्या मुलांच्या वहिनी झाल्या. कोठीत धान्य नसे तेव्हा अंगावरचा एकेक दागिना मोडला गेला. शेवटी मंगळसूत्राचीही पाळी आली आणि मुलांची पंगत उठली नाही. १९३० साली त्यांचे निधन झाले. भाऊरावांचे चरित्र लक्ष्मीबाईंच्या सोन्यावाचून लिहिता येत नाही. संस्थेच्या जमाखर्चात पहिली मोठी देणगी तीच होती.

पुढची दहा वर्षे कामाच्या धडाक्याची होती. पुणे करारानंतर १९३२ साली पुण्यात युनियन बोर्डिंग निघाले. १९३५ साली साताऱ्यात अध्यापक विद्यालय सुरू झाले, कारण खेड्यात टिकणारा शिक्षक खेड्याच्याच मातीतून घडवावा लागेल हे भाऊरावांनी ओळखले होते. हे शिक्षक वाड्यावस्त्यांवर पोहोचले. देवळात, चावडीत, झाडाखाली भरणाऱ्या व्हॉलंटरी शाळांची संख्या पुढे शेकड्यांत गेली. या शाळांतून बाहेर पडणाऱ्या मुलांनी पुढे कोठे जायचे? १९४० चे हायस्कूल हे या प्रश्नाचे उत्तर होते.

त्याला बडोद्याच्या महाराजांचे नाव देण्यातही औचित्य होते. सयाजीराव नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या शेतकरी घरातून बडोद्याच्या गादीवर दत्तक गेले होते. त्यांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो साऱ्या संस्थानात लागू केला. भाऊरावांपाशी संस्थान नव्हते, खजिना नव्हता. त्यांनी राजसत्तेच्या जागी श्रम ठेवला. फी माफ झालेल्या मुलाच्या मनावर उपकाराचे ओझे असते. स्वतःच्या घामाने फी भागवणाऱ्या मुलाला मान खाली घालावी लागत नाही. कमवा आणि शिका या योजनेचे मर्म हे होते. पाटलाचा मुलगा आणि महाराचा मुलगा एकाच खड्ड्यातील माती उचलू लागले की जातीचा अहंकारही त्याच मातीत मिसळतो, हा त्यामागचा दुसरा हिशेब होता.

गांधीजींच्या हत्येनंतर भाऊरावांनी त्यांच्या नावे १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प सोडला. त्याच सुमारास सरकारवर त्यांनी केलेली परखड टीका खेर मंत्रिमंडळाला रुचली नाही आणि संस्थेचे अनुदान बंद झाले. स्वराज्य येऊन पुरते वर्षही झाले नव्हते. शिक्षकांचे पगार, वसतिगृहांतील जेवण, नव्या शाळा असे सारेच टांगणीला लागले. भाऊरावांपुढे दोनच वाटा होत्या: शब्द मागे घ्यावा किंवा शाळा बंद पडताना पाहाव्या. त्यांनी तिसरी वाट धरली आणि ते रयतेकडे गेले. गावोगावी घराघरांतून मूठमूठ धान्य गोळा झाले, शिक्षकांनी ओढगस्त सोसली. गाडगे महाराजांसारख्यांनी त्यांची बाजू उचलून धरली. लोकमताच्या रेट्यापुढे सरकारला अनुदान पुन्हा सुरू करावे लागले.

अंगात खादी, पायांत काही नाही, छातीवर पांढरी दाढी अशा वेषात हा धिप्पाड माणूस अखेरपर्यंत हिंडत राहिला. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय आणि १९५४ साली कराडला गाडगे महाराजांच्या नावाचे महाविद्यालय निघाले. १९५९ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले आणि पुणे विद्यापीठाने या मॅट्रिक न झालेल्या माणसाला डी. लिट. ही सन्माननीय पदवी अर्पण केली. त्याच वर्षी ९ मे रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. तोवर संस्थेच्या माध्यमिक शाळांनी शंभरी ओलांडली होती.

वटवृक्ष हे रयतेचे बोधचिन्ह आहे. त्याच्या पारंब्या आज महाराष्ट्राबाहेर कर्नाटकातही उतरल्या आहेत. त्यांतील कितीतरी शाळा अशा गावांत आहेत, जेथे भाऊराव प्रथम पोहोचले ते खांद्यावर घोंगडी टाकून आणि अनवाणी.