पंडिता रमाबाई : प्रार्थना आणि चिकाटी

पंडिता रमाबाईंचे नाव स्त्रीशिक्षणाच्या संदर्भात तुमच्या परिचयाचे आहे. येथे त्यांचे चरित्र एका वेगळ्या प्रश्नाच्या आधारे पाहावयाचे आहे : देवाकडे पुन्हा पुन्हा मागावे की नाही?

हा प्रश्न त्यांच्यापुढे बायबलच्या आधीच उभा राहिला होता. १८५८ साली जन्मलेल्या रमाबाई तीर्थक्षेत्री पुराणे सांगत फिरणाऱ्या घरात वाढल्या. १८७० नंतरच्या दुष्काळात वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी उपवास, जप, पारायणे, दाने यांत काहीही उणे ठेवले नाही. तरीही वडील, आई आणि थोरली बहीण एकामागून एक गेली.

पुढे कलकत्त्यात पांडित्याचा गौरव झाला. १८८० मध्ये विवाह आणि १८८२ मध्ये वैधव्य आले. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मात्र धर्मगुरूंचा शब्द त्यांनी मुकाट्याने मानला नाही; प्रत्येक मताला शास्त्राधार मागितला.

आता तो शास्त्राधार पाहा. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात येशू एकांतात प्रार्थना करावयास सांगतो आणि शब्दांची व्यर्थ पुनरुक्ती निषिद्ध ठरवतो. मागण्यापूर्वीच पित्याला गरज ठाऊक असते. हे वाचताना रमाबाईंना घरची पारायणे आठवली नसतील, असे मानणे कठीण आहे. उलट लूकच्या अठराव्या अध्यायात अन्यायी न्यायाधीशाकडे एक विधवा खेटे घालते (कचेरीतला हा शब्द येथे चपखल बसतो) आणि अखेर न्याय मिळवते. न्यायाधीश ही देवाची प्रतिमा नव्हे, अन्यायी माणूसही द्रवतो तर देव का ऐकणार नाही, असा युक्तिवाद तेथे आहे, हे खरे. परंतु खेटे घालण्याचा आदर्श त्यामुळे पुसला जात नाही. शिवाय पुनरुक्ती नाकारणारा तोच मत्तय गेथशेमाने बागेत येशूला तिसऱ्यांदा त्याच शब्दांत प्रार्थना करताना दाखवतो. पौलाने देहातला काटा जावा म्हणून तीनदा विनवले. काटा राहिला, कृपा पुरेशी आहे एवढेच त्याला सांगण्यात आले.

स्वतः विधवा असलेल्या रमाबाईंनी लूकमधील विधवेची वाट धरली. दुष्काळातून आणलेल्या मुलींसाठी केडगाव येथे उभ्या केलेल्या मुक्ती सदनात जानेवारी १९०५ मध्ये सुमारे सत्तर जणी आत्मिक जागृतीसाठी रोज प्रार्थनेला जमू लागल्या. जूनपर्यंत त्या साडेपाचशेच्या घरात गेल्या. जूनअखेर जागृती झाली. शेकडो मुली रडत, एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करीत. मत्तयाच्या बंद खोलीपासून हे दृश्य किती दूर आहे, हे तुम्ही ताडून पाहावे.

याच सुमारास हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी अशिक्षित स्त्रियांनाही कळेल अशा मराठीत बायबलचे भाषांतर आरंभले. म्हणजे खेटे घालणारी विधवा आणि न निघालेला काटा या दोहोंसाठी त्यांना मराठी शब्द शोधावे लागले.

जुलै १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा वारली. मुक्तीचा कारभार तिच्याकडे सोपवावयाचा होता. रमाबाई भाषांतराच्या कामावर परतल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.