कुरणात भरलेली शाळा

ताराबाई मोडक यांचे नाव निघाले की ‘अंगणवाडी’ हा शब्द आठवतो. ते योग्यच आहे. परंतु त्याहून धीट असा त्यांचा एक प्रयोग कोसबाडच्या माळावर झाला. त्याची आठवण मात्र क्वचितच काढली जाते.

ताराबाईंचा जन्म १८९२ चा, माहेरचे आडनाव केळकर. वडील प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते असल्याने शिक्षण अडले नाही. १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. अमरावतीचा संसार मोडल्यावर राजकोटला त्यांनी अध्यापिका घडविणाऱ्या महाविद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळले. मराठी बाईने गुजरातेत असे पद भूषविणे त्या काळी सोपे नव्हते. पुढे वकिली सोडून बालशिक्षणाकडे वळलेल्या गिजुभाई बधेकांच्या भावनगरच्या बालमंदिरात त्या दाखल झाल्या आणि त्यांच्या आयुष्याची दिशाच बदलली. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९३६ मध्ये दादरला शिशुविहार उभा राहिला.

दादरची मुले सुस्थितीतील घरांतली होती. माँटेसरी पद्धतीचे साहित्य महाग, ते खेड्याला परवडणार कसे, हा प्रश्न ताराबाईंना स्वस्थ बसू देईना. १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डी गावात ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. सोबतीला आल्या अनुताई वाघ. येथे शंख-शिंपले, गोटे, बिया, पाने हीच साधने झाली. दलित वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. आधी आंघोळ, नखे कापणे, केस विंचरणे, मग गाणी-गोष्टी. गोल करून बसणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, हातातले दुसऱ्याला देणे हे धडे वरवर किरकोळ वाटतात. ज्या मुलांना गावाने नेहमी दूर उभे केले, त्यांच्यासाठी ते किरकोळ नव्हते.

१९५७ च्या सुमारास केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे अडचण निराळी होती. वारली मुले अगदी लहानपणापासून गुरे-शेळ्यांमागे रानात जात. ती शाळेत आली तर गुरे कोणी राखायची? मुलांवर आळसाचा ठपका ठेवून मोकळे होणे सोपे होते. ताराबाई आणि अनुताईंनी गुरे चरत तेथेच शिक्षक धाडला. ही कुरणशाळा. तिथे फळ्याची वाण असेल, विषयांची नव्हती. मुंग्यांची रांग, वारूळ, गवतावरचा टोळ, शेणाची गोळी ढकलत नेणारा भुंगा, सारे समोर. त्यांतले पुष्कळसे मुलांना शिक्षकाच्या आधीपासून ठाऊक, कारण रानच त्यांचे घर. मुलाला जे ठाऊक आहे तेथून सुरुवात करावी, हे तत्त्व ग्रंथांतून सर्वांनीच वाचलेले असते. येथे ते पाळल्यावाचून गत्यंतर नव्हते. शिवाय एरवी आपापली गुरे घेऊन पांगणारी मुले या निमित्ताने एकत्र बसू लागली.

कोसबाडला पुढे पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणणारी विकासवाडी आकाराला आली. १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. अनुताई मात्र १९९२ पर्यंत, अखेरच्या श्वासापर्यंत, कोसबाडचेच काम पाहत राहिल्या.